जावईबुवांचा बूस्टर

गजेंद्ररावांनी एकदा लावलेली गोष्ट त्या घरात कोणी काढत नसे. दिवाळीत आले तेव्हा त्यांनी हॉलमधलं घड्याळ दहा मिनिटं पुढं केलं, म्हणजे माणूस कुठंही वेळेवर पोहोचतो म्हणून. ते अमरावतीला परत गेले आणि अकोल्याच्या त्या घरातली सगळी माणसं तेव्हापासून घड्याळ बघून मनातल्या मनात दहा मिनिटं वजा करू लागली. संक्रांतीला त्यांनी सोफा उत्तरेच्या भिंतीला लावायला सांगितला. सोफ्याची एक बाजू दारात आली आणि दार अर्धंच उघडू लागलं. अंगानं भरलेला पाहुणा आला की त्याला मागच्या अंगणातून घरात घ्यायचे, पण सोफा जागचा हलला नाही. जावयानं ठेवलेली वस्तू हलवली तर जावयाचा मान तो काय राहिला, असं त्यांच्या सासूबाईंचं, कौशल्याबाईंचं म्हणणं. सासऱ्यांचं, जानरावांचं काही म्हणणंच नसे. बी-बियाण्यांच्या दुकानात ते दिवसभर शेतकऱ्यांशी तोंड भरून बोलत, आणि घरी आले की तिरके होऊन त्या दारातून मुकाट्यानं आत शिरत.

त्यांच्या धाकट्या मुलीला, पौर्णिमेला या सगळ्याचा संताप यायचा. तिच्या मते भाऊजींच्या अंगात एकच गुण होता, तो म्हणजे ते जावई होते. अमरावतीला त्यांचा कोचिंग क्लास होता. ते फिजिक्स शिकवायचे, आणि क्लासच्या पाटीवर विषयाच्या नावापेक्षा त्यांचा फोटो मोठा होता. सगळे त्यांना 'सर' म्हणत. तिची मोठी बहीण प्रणाली, म्हणजे त्यांची बायको, तीसुद्धा चारचौघांत त्यांना सरच म्हणायची. लग्नाला पाच वर्षं झाली होती, आणि या पाच वर्षांत 'हो, तुमचंच बरोबर' याखेरीज ताईच्या तोंडून एखादं पूर्ण वाक्य पौर्णिमेनं ऐकलं असेल तर तिला ते आठवत नव्हतं. एवढी कॉलेजात भांडकुदळ म्हणून गाजलेली मुलगी, हिची अशी गोगलगाय कशी झाली, हे तिला कोडं होतं. कोडं कसलं, तिला ताईची चीडच यायची.

होळीला आले तेव्हा गजेंद्ररावांची नजर पौर्णिमेच्या कम्प्युटरवर गेली. तो तिनं स्वतःच्या कमाईतून जमवला होता. कमाई म्हणजे काय, तर गल्लीबोळातल्या पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स. पुढाऱ्याला गोरा करायचा, त्याच्यामागं वाघ लावायचा, खाली शुभेच्छुकांचे पन्नास पासपोर्ट फोटो चिकटवायचे. या कामाचा तिला उबग आला होता. तिला ॲनिमेशन करायचं होतं, आणि त्यासाठी तो पैसा आणि तो कम्प्युटर.

"हा प्रोसेसर झोपलेला आहे," गजेंद्रराव खुर्ची ओढून बसत म्हणाले. घरच्यांशी बोलतानाही ते क्लासमधलं मराठी बोलत. "कंपनीवाले मुद्दाम स्पीड कमी ठेवतात. ताकद असते, ती बाहेर काढायची अक्कल लागते."

मग त्यांनी इंटरनेटवरून कुठलासा बूस्टर उतरवून घेतला. प्रोसेसर हे कम्प्युटरचं डोकं. कारखान्यानं ठरवून दिलेल्या वेगापेक्षा त्याला जास्त पळवायचं, आणि पळता यावं म्हणून वीजही जास्त पाजायची, एवढं ते सॉफ्टवेअर करत होतं. पडद्यावर लाल रॉकेटचं चित्र आलं. जानरावांनी ते रॉकेट पाहून मान डोलावली. कौशल्याबाईंनी जावयाला चहा दिला. दीड दिवस मशीन खरोखर जोरात पळलं, आणि गजेंद्रराव अमरावतीला गेल्यावर बंद पडू लागलं.

तसं ते एरवी बंद पडलं असतं तर पौर्णिमेनं नशीब म्हणून सोडलं असतं. पण याच सुमारास हैदराबादच्या एका स्टुडिओनं तिचं काम पाहून तिला कळवलं होतं की दोन मिनिटांची एक फिल्म करून पाठवा, आवडली तर नोकरी. त्यांनी तारीख दिली होती, जूनमधला एक रविवार, संध्याकाळी सहापर्यंत. त्यानंतर आलेलं पाहिलं जाणार नव्हतं. इकडं घरात तिच्यासाठी स्थळं बघणं जोरात चालू होतं, आणि त्यातली दोन स्थळं तर गजेंद्ररावांनीच आणली होती. ही फिल्म गेली नाही तर आपण जन्मभर पुढारी गोरे करत बसणार, किंवा कुठल्या तरी सरांना सर म्हणत बसणार, हे तिला लख्ख दिसत होतं.

फिल्म बकरीची होती. बाळापूरच्या किल्ल्याच्या तटावर एक बकरी चढून बसते आणि तिला उतरवायला गावातली सगळी शहाणी माणसं जमतात, एवढीच गोष्ट. चित्रं तिनं करून ठेवली होती. आता उरलं होतं रेंडर, म्हणजे कम्प्युटरनं एकेक चित्र उजेड-सावलीसकट पक्कं रंगवून काढायचं काम. बकरी लांब होती तोवर मशीन कसंबसं चालायचं. ती जवळ आली, तिच्या अंगावरचा केसन्‌केस रंगवायची वेळ आली की पडदा निळा व्हायचा आणि मशीन मान टाकायचं.

घरच्यांनी उपाय करायला कसूर केली नाही. गजेंद्ररावांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, अकोल्याची लाइट खराब आहे. जानराव लगोलग स्टॅबिलायझर घेऊन आले. काही फरक पडेना, तेव्हा गजेंद्रराव म्हणाले, धूळ असेल. पौर्णिमेनं सगळं खोलून ब्रशनं झाडलं. मग ते म्हणाले, अकोल्याचं ऊन. तेव्हा जानरावांनी काय करावं? मे महिन्याच्या त्या मरणाच्या उन्हात हॉलमधला पाण्याचा कूलर उचलून पोरीच्या खोलीत आणला, कम्प्युटरचं झाकण काढलं आणि वाळ्याची ती ओली गार हवा सरळ त्याच्या आतड्यांवर सोडली. आतल्या पत्र्यावर पाण्याचे बारीक थेंब जमलेले पाहून पौर्णिमा धावत आली नसती, तर बकरीसकट सगळं जळून गेलं असतं. जानराव हॉलमध्ये घामानं निथळत बसले होते आणि वर विचारत होते, "आता बरं वाटते का त्याले?"

लाइट तपासली, धूळ तपासली, ऊनही तपासून झालं. लाल रॉकेटकडं मात्र कोणी बोट दाखवलं नाही. पौर्णिमेच्या मनात ते पहिल्या दिवसापासून होतं. फिजिक्स शिकवणाऱ्या माणसाला जास्त वीज पाजली की जास्त गरम होतं एवढंही सुचू नये, याची तिला मनातल्या मनात गंमत वाटायची. तरीही तिनं रॉकेटला हात लावला नव्हता, कारण ते काढायला गेलं की घरात रामायण होणार हे तिला ठाऊक होतं. तिनं आडवाटेनं जाऊन पाहिलं. विंडोज सुरू व्हायच्या आधीची जी मुळातली सेटिंग असते, तिथं जाऊन तिनं वेग कारखान्यानं दिला तसा केला. मशीन चालू झालं, विंडोज आलं, रॉकेट आलं, आणि वेग पुन्हा जिथल्या तिथं चढलेला. तिनं पुन्हा उतरवला, तो पुन्हा चढला. खाली तिनं काहीही ठरवावं, वर जावईबुवा बसलेलेच. दर वेळी मशीन उठलं की ते आधी तिचं म्हणणं पुसायचे आणि आपलं लिहायचे.

शेवटी त्या रविवारच्या आधीच्या गुरुवारी तिनं बूस्टर काढून टाकला. मशीनचा पंखा कधी नव्हे तो शांत झाला, आणि बकरी एकेक केस अंगावर घेत पुढं सरकू लागली. मशीन सावकाश चालत होतं, पण थांबत नव्हतं. हिशेब केला तर रविवारी दुपारपर्यंत काम पुरं होत होतं. पौर्णिमा त्या रात्री महिन्याभरात पहिल्यांदा पोटभर जेवली.

शुक्रवारी जानराव खोलीत डोकावले. त्यांना कम्प्युटरमधलं काही कळत नव्हतं, पण रॉकेट नाही हे बरोबर कळलं.

"ते लाल कुठं गेलं वं?"

"काढलं. त्याच्यानंच बंद पडून राह्यलं होतं."

जानरावांनी मागं वळून पाहिलं, जणू गजेंद्रराव दारातच उभे आहेत. "पोरी, परवा धोंडा हाय. जावई येऊन राह्यले. ते आल्याबरोबर कम्प्युटरच पायतात. तेवढा एक दिवस लावून ठेव ना, मंग काढजो."

"बाबा, परवाच माहं काम द्याचं हाय."

"काम काय, होते. अधिक महिना तीन वर्षांनी येते."

अधिक महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. त्याला बोलवायचं, पाटावर बसवायचं, ओवाळायचं, पुरण भरलेले धोंडे आणि तेहतीस अनारसे वाण म्हणून द्यायचे. कौशल्याबाई आठ दिवसांपासून अनारशाचं पीठ सांभाळत होत्या. नारायणाला खोकला आला तरी घरानं पाणी घेऊन उभं राहायचं, मग त्यानं लावलेलं रॉकेट काढणं तर पापच. पौर्णिमेनं मात्र रॉकेट लावलं नाही, आणि जानराव शनिवारी दिवसभर दुकानात जाऊन बसले.

रविवारी सकाळी गजेंद्रराव प्रणालीला घेऊन आले. दारातून तिरके शिरताना त्यांचं पोट सोफ्याला घासलं, पण त्यांच्या काही लक्षात आलं नाही. चपला काढल्या आणि ते सरळ पौर्णिमेच्या खोलीत गेले. दोनच मिनिटांत बाहेर आले, हॉलमधल्या खुर्चीवर बसले आणि मोबाइल काढून त्यात बघू लागले. कौशल्याबाईंनी पन्ह्याचा ग्लास पुढं केला. त्यांनी तो घेतला नाही.

"काय झालं जी?" जानरावांनी विचारलं, जसं काही त्यांना माहीतच नव्हतं.

"काही नाही. आमची गरज नसेल तर तसं सांगा. आम्ही चांगल्यासाठी करतो, इथं लोक काढून फेकतात."

बाळापूरहून आलेले भगवंतकाका, जानरावांचे थोरले भाऊ, लगेच पौर्णिमेकडं पाहू लागले. कौशल्याबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. सणाच्या दिवशी जावई रुसला, पाटावर बसला नाही, तर भाऊबंदांत तोंड दाखवायला जागा राहणार नाही, हे त्या बोलल्या नाहीत, पण पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. आईचं ते उभं राहणं पौर्णिमेला शिव्यांपेक्षा वाईट वाटलं.

"लावा भाऊजी," ती म्हणाली.

गजेंद्रराव उठले. पळत असलेलं रेंडर त्यांनी खुशाल थांबवलं, बूस्टर पुन्हा बसवला, वेग होळीपेक्षाही वर चढवला, आणि कोणी काढू नये म्हणून त्याला पासवर्डही घातला. "दुपारपर्यंत काय, तासाभरात होतं की नाही पाहा," ते म्हणाले. रेंडर सुरू करून ते हात धुवायला गेले आणि इकडं पंखा किंचाळू लागला.

बाराच्या सुमारास ओवाळणी झाली. प्रणाली नवऱ्याशेजारी पाटावर बसली, कारण अधिक महिन्यात लक्ष्मी-नारायणाच्या जोडीलाच ओवाळतात. ओवाळणं संपलं तसा नारायण जेवायला बसला आणि लक्ष्मी तुपाचं भांडं घेऊन वाढायला उठली. भगवंतकाका आणि शेजारचे दोघं पंगतीला होते. धोंड्यांवर तूप पडत होतं. गजेंद्रराव घास घेता घेता सांगत होते की माणसाची मुलंही प्रोसेसरसारखीच असतात, दाबल्याशिवाय पळत नाहीत, आणि काका 'वा' म्हणत होते.

तेवढ्यात खोलीत किंचाळणारा पंखा एकाएकी गप्प झाला. पौर्णिमा वाढायचं पातेलं तिथंच ठेवून आत गेली, तर पडदा निळा. तिनं मशीन पुन्हा चालू केलं. बकरीचा चेहरा अर्धा झाला आणि पुन्हा निळा. तिनं बूस्टर काढायला घेतला, त्यानं पासवर्ड मागितला.

"व्होल्टेज!" बाहेरून गजेंद्रराव ओरडले. पाटावरून त्यांना उठता येत नव्हतं, कारण वाण हातात पडेपर्यंत उठायचं नसतं. "अकोल्याचं व्होल्टेज आहे, दुसरं काही नाही."

पौर्णिमा खुर्चीवर बसून राहिली. तिला ओरडावंसं वाटत होतं, आणि त्याच वेळी ओरडून काही होणार नाही हेही कळत होतं. बाहेर जाऊन पासवर्ड मागितला तर नारायण पाटावर रुसणार, आई पुन्हा पदर लावणार, आणि सहा वाजणार. सहा तर वाजणारच होते. घड्याळानं आत्ताच दहा मिनिटं खाल्ली होती.

दारात प्रणाली उभी होती. तिच्या हातात तुपाचं भांडं तसंच होतं. ते तिनं टेबलावर ठेवलं, पदराला हात पुसले, पौर्णिमेला जरा बाजूला सरकवलं आणि खटाखट पासवर्ड टाकला. पडद्यावरची खिडकी उघडली.

"तुले कसा माईत?" पौर्णिमेनं विचारलं.

"सगळ्याले एकच हाय. माह्या फोनलेबी तोच. त्यांनीच टाकला."

"तुह्या फोनले त्यांनी काहून टाकला?"

प्रणालीनं बूस्टर काढायला घेतला आणि तो निघेपर्यंत पडद्याकडं पाहत उभी राहिली. पौर्णिमा पडद्यावरचं लाल रॉकेटही पुसायला गेली, तेव्हा प्रणालीनं तिचा हात धरला.

"चित्र राहू दे. ते चित्रच पायतात, आतमंदी कोणी पाहत नाई."

"अन् त्याच्यावर टिचकी मारली तर? काहीच उघडणार नाई."

"मारू द्याची नाई," प्रणाली म्हणाली, भांडं उचललं आणि पंगतीत तूप वाढायला गेली. बाहेरून तिचा आवाज ऐकू आला, अजून एक घ्या ना, गरम आहे. पौर्णिमेनं मशीन पुन्हा सुरू केलं. पंखा मऊ चालू लागला आणि बकरीनं डोळे उघडले. पौर्णिमेनं हिशेब केला. साडेपाचपर्यंत होणार होतं, मध्ये कोणी हात लावला नाही तर.

जेवणं झाली, वाण दिलं गेलं. गजेंद्ररावांनी झोप काढली. चार वाजता ते उठून दात कोरत खोलीत आले, मागं जानराव, त्यांच्यामागं काका. पडद्यावर बकरी रंगत होती आणि कोपऱ्यात लाल रॉकेट होतं.

"पाहा," गजेंद्रराव म्हणाले. "बोललो होतो की नाही? दुपारी जरा व्होल्टेज गेलं म्हणून अडलं. आता कसं लोण्यासारखं चाललंय. हे सेटिंगचं काम आहे काका, सगळ्यांना जमत नाही."

"डोकं पायजे न," काका म्हणाले. जानरावांचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदा सैल झाला. पौर्णिमेच्या तोंडाशी सगळं आलं होतं. ओला झालेला पत्रा, ते फिजिक्स, पाटीवरचा फोटो, अर्धं उघडणारं दार. पाच वर्षांचं साठलेलं एका दमात बाहेर काढायला तिला असा प्रेक्षकवर्ग पुन्हा मिळणार नव्हता.

"पण अजून वाव आहे," असं म्हणत गजेंद्ररावांनी तिच्या खांद्यावरून हात लांब केला आणि माऊस धरला. बाण रॉकेटकडं सरकू लागला. "एक पॉइंट वर नेतो. पाच मिनिटांत काम खलास."

"नको जी भाऊजी," पौर्णिमा म्हणाली.

तिनं मान खाली घातली होती. हे मुद्दाम केलं नव्हतं, ती आपोआप खाली गेली.

"तुमी लावलं तेच बरोबर हाय. तुमच्यामुळंच चालून राह्यलं. आता त्याले हात नका लावू, तुमचं सेटिंग बिघडन."

गजेंद्ररावांचा हात थांबला. त्यांनी माऊस सोडला, मागं वळून काकांकडं पाहिलं आणि हसले. "समजदार झाली," ते म्हणाले. "प्रणालीचंही आधी असंच होतं, सुरुवातीला फार तोंड करायची. मग समजतं." आणि ते सगळ्यांना घेऊन चहाला हॉलमध्ये गेले.

प्रणाली दाराबाहेर चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. पौर्णिमेनं वर पाहिलं. आत्ता आपल्या तोंडून जो आवाज निघाला तो आपला नव्हता, तो ताईचा होता, शब्दही तिचे आणि मान खाली घालायची तऱ्हाही तिचीच, हे तिला कळलं होतं, आणि ताईलाही कळलं होतं. आपण जिला इतकी वर्षं गोगलगाय म्हणत आलो ती दर दिवशी कशाकशाला वाचवत आली असेल, आणि त्यापायी तिचं स्वतःचं काय काय गेलं असेल, हा विचार पौर्णिमेच्या मनात पहिल्यांदाच आला.

"पहिल्यांदा जड जाते," प्रणाली हळू आवाजात म्हणाली. "मंग काहीच वाटत नाई." मग हॉलमधून हाक आली म्हणून ती ट्रे घेऊन गेली.

फिल्म साडेपाचला तयार झाली आणि पावणेसहाला गेली. पौर्णिमेनं ती एकदाही पाहिली नाही. हॉलमध्ये गजेंद्रराव काकांना सांगत होते की हैदराबादला नोकरी लागली तर ती आपल्या रॉकेटमुळं, आणि मधेच प्रणालीचा आवाज येत होता, हो, तुमचंच बरोबर.